धर्मसाळ कुणाची? वेंगुर्ला रस्त्यावरच्या एका गावातलं प्रकरण

रस्ता रुंद करायचा ठरला की आधी मोजणीवाले येतात. बेळगावहून हिंडलगा, सुळगा, बाचीवरून शिनोळीकडं जाणाऱ्या जुन्या वेंगुर्ला रस्त्यालगतच्या एका गावात ते आले आणि एका इमारतीपाशी अडले. जांभ्याच्या चिऱ्यांचं लांबट घर, पुढं ओवरी, बाजूला आड आणि बैलांना पाणी पाजायची दगडी दोणी. गावात त्याला धर्मसाळ म्हणतात. ओवरी आणि दोणी रस्त्यात जाणार होती. मालक कोण म्हणून विचारल्यावर तिघं पुढं आले. पिढ्यान्‌पिढ्या धर्मसाळ सांभाळणारं गुरवाचं घराणं, ग्रामपंचायत, आणि ज्यांच्या पूर्वजानं ती बांधली ते शहापूरचे सावकार. सावकारांची आजची पिढी गावात फारशी कुणी पाहिलेलीच नव्हती.

गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. वाद मिटलेला नाही आणि यातले दोन पक्ष रोज एकाच हॉटेलात चहा पितात. मी यात आलो ते मोडी वाचता येते म्हणून. गुरवांच्या ट्रंकेत एक दानपत्र होतं, पाटलांच्या दप्तरात काही पत्रांच्या नकला होत्या, आणि दोन्ही घरांत ते वाचू शकणारं कुणी उरलं नव्हतं. "कशाला बघूलालाय ओ ते पडकं घर?" असं एका पोरानं विचारलं. कागद वाचून झाले तेव्हा लक्षात आलं की घर का पडलं याचं उत्तरही त्यातच आहे, आणि ते गावात सांगतात त्याहून वेगळं आहे.

आधी जागा समजून घेऊ. रेल्वे नव्हती तेव्हा बेळगावचं बंदर वेंगुर्ला. कॅम्पातल्या पलटणी बोटीनं वेंगुर्ल्याला उतरायच्या आणि रामघाट चढून वर यायच्या. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीवरून गाडीरस्ता झाला आणि बैलगाड्यांची रीघ लागली. खाली कापूस आणि गूळ जायचा. वर मीठ, नारळ, सुकी मासळी यायची. लादलेली गाडी दिवसाला दहा-बारा मैल ओढली तरी बैलांच्या तोंडाला फेस. त्यामुळं घाटाकडून येणाऱ्याला बेळगावच्या आधीचा शेवटचा मुक्काम इथं पडायचा. रात्री बैल सोडायचे, पहाटे जुंपायचे, आणि उजाडायच्या सुमाराला बाजारात माल उतरवायचा. दाता शहापूरचा कसा, हेही यावरूनच कळतं. शहापूर आज बेळगावचा भाग वाटतो, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होतं. पेठ मोठी, विणकर, सराफ, अडते. या रस्त्यानं येणाऱ्या मालावर ज्याचं पोट त्यानंच वाटेत निवारा बांधला. पुण्य तर होतंच, पण आपला माल आणणारा गाडीवान धडधाकट पोचावा हा हिशेबही असणार. हिशेबी पुण्य वाईट असतं असं मला वाटत नाही. बिनहिशेबी पुण्यानं बांधलेल्या कितीतरी धर्मशाळा दुसऱ्याच पिढीत ढासळल्या आहेत.

दानपत्रातली मुख्य गोष्ट घर नाही, शेत आहे. सावकारानं घराबरोबर आडापलीकडचं एक भातशेत विकत घेतलं आणि ते मारुतीची पूजा करणाऱ्या गुरवाला वंशपरंपरेनं कसायला दिलं. त्या बदल्यात गुरवानं धर्मसाळ झाडायची, सांजवेळी दिवा लावायचा, रांजण भरायचे, सरपण ठेवायचं, आणि उतारूकडून पैसा घ्यायचा नाही. आजारी पडलेल्याला हाकलायचं नाही, हे वेगळं लिहिलंय. सेवा चुकली तर शेत दुसऱ्याकडं जाईल अशी अट आहे. म्हणजे शेत हा पगार होता. एवढं साधं कलम त्या घराला तीन पिढ्या पुरलं.

गुरव जेवण देत नव्हता. उतारू शिधा बरोबर आणायचे, ओवरीच्या टोकाला असलेल्या चुलींवर आपापलं शिजवायचे. भाताचं पिंजर मात्र गुरवाच्या शेतातलं, बैलांना घालायला आणि माणसांना अंथरायला. अनोळखी माणूस मुक्कामाला आला तर पोलीस पाटलाला कळवायचं कामही त्याच्याकडं होतं. १८६७ च्या गाव-पोलीस कायद्यानं पाटलावर गावातल्या परक्यांची जबाबदारी टाकली होती, आणि पाटील ती पुढं गुरवावर टाकायचा.

गुरवाचं म्हणजे प्रत्यक्षात गुरवाच्या बायकांचं. दानपत्रापासून आजच्या उताऱ्यापर्यंत एकाही कागदावर बाईचं नाव नाही, पण आठवणी विचारल्या की सगळे आजीच्याच सांगतात. गुरव सकाळ-संध्याकाळ देवळात, दिवसा शेतात. रांजण कोण भरत होतं? आजच्या पिढीच्या पणजीबद्दल सांगतात की प्लेगात गाव शिवारात खोपी घालून राहिलं तेव्हा ती रोज येऊन दिवा लावून जायची, कारण रस्त्यानं येणाऱ्याला गाव ओस पडल्याचं ठाऊक नसायचं. १८९७-९८ चा तो प्लेग बेळगाव भागातल्या घराघरांत अजून आठवणीत आहे, त्यामुळं या गोष्टीवर विश्वास ठेवायला मला अडचण वाटली नाही.

आता धर्मसाळ का बंद पडली, याबद्दल गाव काय म्हणतं ते. कुणी म्हणतं रेल्वे आली म्हणून, कुणी म्हणतं एस्टी आली म्हणून, आणि बहुतेक जण म्हणतात, राज्य बदललं म्हणून.

रेल्वेचं सोडून देता येतं. सदर्न मराठा रेल्वेची पुणे–बेळगाव–लोंढा लाईन १८८० च्या दशकाच्या शेवटी झाली. मुरगाव बंदराकडं जाणारी वाटही त्याच सुमारास कॅसलरॉकवरून खुली झाली आणि वेंगुर्ल्याच्या गाड्या झपाट्यानं कमी झाल्या. कापूस गेला, गाडीतळ रिकामा झाला. पण धर्मसाळ त्यानंतरही कित्येक दशकं चालली. उतारू बदलले, इतकंच. देवरवाडीच्या वैजनाथाला शिवरात्रीला जाणारे, चंदगडकडून सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेल्या गाड्या, पंढरीचे वारकरी, बाजाराला तांदूळ घेऊन येणाऱ्या बाया, कोर्टाच्या तारखेला चालत निघालेली कुळं. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हा घाटाखालची माणसं याच रस्त्यानं चालत आली आणि ओवरीत जागा पुरली नाही म्हणून मारुतीच्या देवळात झोपली, असं गावात सांगतात. मालासाठी बांधलेलं घर माणसांच्या कामी आलं, आणि गुरवाचं शेत पिकत होतं तोवर त्याला गिऱ्हाईक कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं.

पण माणसांच्या म्हणजे सगळ्या माणसांच्या नव्हे. हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि गावातल्या सभेत तो कुणी काढत नाही.

आंबेडकर गल्लीतल्या एका वृद्धांनी मला त्यांच्या आज्ज्याकडून ऐकलेलं सांगितलं. त्यांच्या समाजातला उतारू आला तर ओवरी चढायची नाही. चिंचेखाली पथारी. आडाला हात लावायचा नाही. वरून कुणी ओतलं तर प्यायचं. दोणीतलं पाणी बैलांचं, तेही यांना घेऊ देत नसत. वैजनाथाच्या जत्रेला पाऊस क्वचित येतो, पण सौंदत्तीच्या परतीला एकदा अवकाळी झोडपला आणि लेकरांसकट माणसं रात्रभर गाड्यांखाली बसली, हेही त्यांनी सांगितलं. दानपत्रात जातीचा शब्द नाही. "उतारू" एवढंच आहे. बंदी रूढीची होती, दात्याची नव्हती. किंवा दात्याला ती लिहायची गरजही वाटली नसेल.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे तो इथंही लागू. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली, डॉ. आंबेडकर आले. या गावातून दोघे-तिघे तिकडं गेले होते असं वृद्ध सांगतात. परत आल्यावर त्यांनी तालुक्याला अर्ज केला की आमच्या गावची धर्मशाळा आम्हाला खुली करा.

अर्ज सापडला नाही. उत्तर सापडलं. पाटलांच्या दप्तरातल्या नकलेत गावानं तालुक्याला कळवलंय की ही धर्मशाळा शहापूरच्या अमुक सावकारांनी स्वतःच्या पैशानं बांधलेली खासगी धर्मादाय जागा आहे, तीत सरकारचा किंवा लोकल बोर्डाचा (म्हणजे तेव्हाच्या जिल्हा-तालुक्याच्या स्थानिक संस्थेचा) पैसा नाही, सबब ठराव लागू होत नाही.

खोटं. त्याच दप्तरात, कापडात बांधलेल्या कागदांच्या त्याच गठ्ठ्यात, म्हणजे रुमालात, थोड्या आधीची दुसरी नक्कल आहे. आडाचा रहाट मोडला, ओवरीच्या चार वाशांना वाळवी लागली, ते लोकल बोर्डाच्या खर्चानं दुरुस्त झालं, त्याची पोच. म्हणजे दुरुस्तीला पैसा मागताना जागा सार्वजनिक, आणि माणसं आत घ्यायची वेळ आली की खासगी. १९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला की पहिला ठराव न पाळणाऱ्या संस्थांचं अनुदान रोखावं. त्याचा इथं काही परिणाम दिसत नाही. ओवरी खऱ्या अर्थानं खुली झाली ती फार नंतर. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात धर्मशाळेचं नाव घेऊनच बंदी घातली आहे. वृद्ध म्हणाले, "त्यानंतर आडवं कोण आलं न्हाई. पण तवर चालत जाणाराच कोण ऱ्हायला न्हवता."

इथं एस्टीवाल्यांचं म्हणणं निम्मं खरं ठरतं. तिसाच्या दशकात सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या, पुढं सरकारी गाड्या. मुक्काम कमी झाले, पण थांबणं वाढलं. मोटार पाणी घ्यायला थांबायची, तेवढ्यात उतारू चहा मागायचे. गुरवाच्या आजीनं ओवरीच्या टोकाच्या चुलीवर चहा सुरू केला, मग भजी, मग दुपारची भात-आमटी. दानपत्रात पैसा घेऊ नये असं होतं. आजीचा युक्तिवाद असा होता म्हणे की निजायचा पैसा घेत नाही, चहा माझ्या साखरेचा. मला हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीनंही बरा वाटतो. शहापूरहून कुणीतरी येऊन हटकून गेलं, त्यापलीकडं काही झालं नाही.

मग १ नोव्हेंबर १९५६. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. ज्या रस्त्यावर ही धर्मसाळ, त्याच्या मधोमध राज्याची हद्द आली. गाव म्हैसूरच्या बाजूला राहिलं. सीमाप्रश्नावर लिहायची ही जागा नव्हे. इथल्या माणसाला त्यावर नवं काही सांगायचंही नसतं. या प्रकरणापुरतं दोन गोष्टी घडल्या. दप्तराची भाषा बदलली. आणि जमिनीचे कायदे दोन्ही बाजूंना वेगळ्या वेळी, वेगळ्या रीतीनं आले.

चंदगडच्या अंगाला कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कूळ मालक मानलं गेलं. इकडं कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्याची मोठी दुरुस्ती १९७४ ची. १ मार्च १९७४ ला कुळाच्या ताब्यातली जमीन सरकारजमा झाली आणि कुळानं फॉर्म नंबर ७ भरून जमिनीच्या ट्रिब्युनलकडं हक्क मागायचा होता. गुरवाच्या शेताचं काय होतं? हक्कनोंदीत खातेदार शहापूरचे सावकार आणि कसणारा गुरव. धर्मसाळेच्या सेवेची अट इतर हक्कांत लिहिलेली जुन्या उताऱ्यात दिसते; नव्या वहीत नावं उतरवताना ती ओळ आलीच नाही. खोडसाळपणा होता असं मी म्हणणार नाही. मराठीतून कन्नडमध्ये शेकडो पानं उतरवणाऱ्या कारकुनानं सर्व्हे नंबर, क्षेत्र, नाव एवढंच घेतलं असेल.

गुरवानं फॉर्म ७ भरला. सावकारांकडून ट्रिब्युनलपुढं कुणी आलं नाही. दानपत्र ट्रंकेतच राहिलं, आणि ते दाखवण्यात गुरवाचा काही फायदाही नव्हता. शेत त्याच्या नावावर झालं. माझ्या मते ते योग्यच झालं. तीन पिढ्या चिखलात उभं राहून भात लावणाऱ्याला ते मिळायलाच हवं होतं. पण त्या दिवशी घर आणि शेत यांची गाठ सुटली. आदल्या दिवसापर्यंत झाडलोट हे गुरवाचं काम होतं आणि शेत त्याचा पगार. दुसऱ्या दिवसापासून पगार कायमचा त्याचा आणि काम फक्त मर्जीचं. धर्मसाळ बंद पडायचं खरं कारण मला हेच वाटतं, आणि ते रेल्वेतही नाही, हद्दीतही नाही. मालक शहापुरात विसरलेला, १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंद कुणी केलेली नाही, म्हणून विश्वस्त नाही. सांभाळणाऱ्याला आता कुणी जाब विचारू शकत नव्हतं, आणि सांभाळणाऱ्यालाही कुणाकडं दुरुस्ती मागायची सोय नव्हती.

तरी मर्जीवर ती बरीच वर्षं चालली, हे सांगायला हवं. शेत नावावर झाल्यावरही गुरवाची म्हातारी रोज ओवरी सारवायची. ती गेल्यावर सुनेनं पुढचा कोपरा हॉटेलसाठी ठेवला आणि मागच्या दोन खोल्यांत पिंजर भरलं. मागची कौलं पडली ती परत चढली नाहीत.

आता तिघांचे दावे.

गुरव म्हणतात, शंभरावर वर्षं आमच्या ताब्यात आहे. पण ताबा कोणत्या नात्यानं आहे हे दानपत्रच सांगतं. राखणदाराचा ताबा कितीही लांबला तरी मालकी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये शेजारच्या गोव्यातल्याच एका घराच्या निकालात स्पष्ट केलंय. गंमत अशी की एकाच कागदावरून एकाच घराण्याला शेत मिळालं आणि घर मिळणार नाही, कारण शेताला कुळकायदा होता आणि घराला नाही. चुलीवरचा पत्रा, हॉटेलची भिंत, फरशी मात्र त्यांनी स्वतःच्या पैशानं केली. तिची भरपाई त्यांचीच.

सावकार म्हणतात, आमच्या पूर्वजानं बांधली. बांधली आणि देऊनही टाकली. उतारूंच्या उपयोगासाठी कायमचं दिलेलं दान रस्त्याचे पैसे आले म्हणून परत वळत नाही. त्यांच्या वकिलालाही हे ठाऊक असावं. सभेत ते मवाळ बोलले आणि दात्याच्या नावाची पाटी राहावी एवढ्यावर आले.

पंचायतीचा दावा सर्वांत जोरात आहे. जागा सार्वजनिक, लोकल बोर्डानं दुरुस्त केलेली. १९५९ च्या म्हैसूरच्या पंचायत आणि लोकल बोर्ड कायद्यानंतर बोर्डाचं ते पंचायतीचं. पुरावा म्हणून त्यांनी मला वाचायला दिलेला कागद म्हणजे रहाटाच्या दुरुस्तीची ती पोच. पंचायतीतले ज्येष्ठ सदस्य हे पाटलांचे नातू. ज्या रुमालातून त्यांनी पोच काढली त्याच रुमालात त्यांच्या आज्ज्याच्या काळात गेलेलं "खासगी जागा, सबब ठराव लागू नाही" हे उत्तर होतं. मी दोन्ही वाचून दाखवली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तेव्हाचं वेगळं होतं." नुसत्या दुरुस्तीनं मालकी येत नाही, हे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी (पीडीओ) स्वतःच त्यांना सांगितलं. इमारतीची नोंद ई-स्वत्तूमध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या गावच्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदवहीत नाही; तिथून मिळणारे उतारे, फॉर्म ९ नाही, ११ नाही.

माझं मत मी लेखी दिलं. हे सार्वजनिक दान आहे आणि विश्वस्त उरलेला नाही. पंचायतीनं मालक म्हणून नव्हे तर सांभाळणारा म्हणून पुढं यावं, इमारतीची भरपाई उरलेल्या भागाच्या दुरुस्तीला आणि उतारूंच्याच सोयीला लावावी, गुरवांना त्यांनी केलेल्या बांधकामाचे पैसे वेगळे द्यावेत. आडाची मोजणी सुटली होती, ती घालायला लावली.

सभेत यावर जवळजवळ एकमत झालं होतं. तेव्हा आंबेडकर गल्लीतले ते वृद्ध उठले. आमची हरकत नाही म्हणाले, फक्त ठरावात एक वाक्य घाला, की १९२० च्या दशकात आम्ही अर्ज केला होता आणि गावानं नाकारला होता. त्यावर अडलं. जुनं कशाला उकरायचं, असं काहींचं म्हणणं. पण सावकाराच्या नावाची पाटी लावायची ती जुनीच गोष्ट आहे, हे तिथं गुरवांच्या सुनेनं बोलून दाखवलं.

ठराव पुढच्या सभेवर गेला. मालकीचा वाद लेखी असल्यानं २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणं भरपाईची रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडं जमा होईल, तिघांपैकी कुणाच्याही खात्यावर नाही. ओवरीवर लाल रंगाची खूण पडली आहे. दोणी उचलून देवळामागं ठेवायची तयारी गुरवांनी दाखवली आहे, त्यासाठी जेसीबीचं भाडं कोण देणार हे ठरायचंय. दानपत्राचं आणि दोन्ही नकलांचं लिप्यंतर मी तिन्ही पक्षांना आणि एक प्रत त्या वृद्धांना दिली आहे.